योग्य ते करावे, ही विनंती

रात्री पावणेदहाला फोन वाजला की माझी बायको मोबाइलकडे न बघताच सांगते, "आली तुझी दोन पानं."

पावणेदहाला फोन करणाऱ्या माणसाकडे कायम दोनच पानं असतात. पाठवल्यावर ती सात निघतात, त्यांतल्या तीन पानांवर तक्ते असतात आणि एक पान आडवं स्कॅन केलेलं असतं, ही गोष्ट वेगळी. "सर, एकदम सोपं इंग्लिश आहे. फक्त जर्मन करायचंय," असं पलीकडचा सांगतो, ते 'फक्त बटाटे उकडायचेत' या चालीवर. वर औदार्यही असतं : "घाई नाही. सकाळी नऊला दिलंत तरी चालेल."

गेली बावीस वर्षं मी पुण्यात बसून कंपन्यांच्या इंग्रजीचं जर्मन करतो. इथे या धंद्याला मरण नाही. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात जर्मन गिऱ्हाइकाला सुटे भाग पुरवणाऱ्या शेड पुष्कळ, आणि शहरात जर्मन शिकलेली माणसंही पुष्कळ. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्स म्युलर भवनात दोन वर्षं घासलेला एक तरी भाचा प्रत्येक पुणेकराकडे असतो. मॅक्स म्युलरसाहेबांनी उभ्या जन्मात भारतात पाऊल ठेवलं नाही, तरी बाकीच्या जगात गटेच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्याकडे त्यांच्या नावाने चालते. मीही त्यांच्याच पंथातला. उभ्या जन्मात अकरा दिवस जर्मनीत होतो, त्यांतले दोन सर्दीत गेले.

लोकांना वाटतं, जर्मन भाषा अवघड. मार्क ट्वेनने १८८० साली या भाषेवर वैतागून अख्खा निबंध लिहिला. क्रियापद इतक्या उशिरा का येतं, लिंगं तीन कशाला, तरुण मुलगी नपुंसकलिंगी कशी, अशा त्याच्या तक्रारी. मराठी माणसाला यात वैतागण्यासारखं काही सापडत नाही. आमचं क्रियापद जन्मापासून शेवटच्या बाकावरच बसतं. लिंगं आम्हालाही तीन. आणि 'कुठे उलथलंय ते कार्टं?' असं विचारणाऱ्या आईला मुलगी नपुंसकलिंगी असण्याचं काय नवल? तेव्हा जर्मन सोपी आहे. अवघड आहे ती इंग्रजी. शेक्सपिअरची नव्हे, भोसरीची.

माझ्या हाती आलेलं पहिलं व्यावसायिक पत्र एकाच ओळीचं होतं : 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट.' पाच मिनिटांचं काम म्हणून मी चहा ठेवला. तो उतू गेला, दुसरा ठेवला, तो पिऊन झाला, तरी कागदावर 'सन्माननीय महोदय' एवढंच होतं. जर्मन वाक्य हे सरकारी खिडकीसारखं असतं. कागदपत्रं पुरी असल्याशिवाय पुढे सरकत नाही. करणार कोण? करणार काय? कधीपर्यंत? 'नीडफुल'पाशी यांतला एकही दाखला नव्हता.

मी फोन केला.

"साहेब, नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचंय त्यांनी?"

"जे काय असेल ते."

"म्हणजे ड्रॉइंग मंजूर करायचं, की पैसे पाठवायचे?"

"ते त्यांना कळेल हो."

"कशावरून?"

"आपण लिहिलंय ना, नीडफुल करा म्हणून!"

यावर काय बोलणार? ज्या देशात पत्राला समास किती मिलिमीटर सोडावा याचंही मानक आहे, डीआयएन ५००८ नावाचं, आणि ज्या देशाने १९२२ साली ए-फोर कागदाचं माप ठरवून जगाला दिलं, त्या देशाला 'जे काय असेल ते' कळवायचं कसं? शेवटी मी 'आवश्यक ती पावलं उचलावीत' असं काहीतरी लिहिलं आणि 'रिव्हर्ट'कडे वळलो. शब्दकोशात अर्थ होता, 'पूर्वस्थितीला जाणे'. मी तेव्हा नवखा होतो, शब्दकोशावर माझी श्रद्धा होती. मी लिहिलं, 'कृपया लवकरात लवकर पूर्वस्थितीला जावे.' जर्मन माणसाने आज्ञा पाळली. ड्रॉइंगची तिसरी आवृत्ती रद्द करून तो दुसरीवर गेला. तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे भोसरीत तोवर चारशे नग तयार होते.

साहेबांना हवं होतं एवढंच की त्याने उत्तर पाठवावं.

पुढे माझ्या लक्षात आलं की नीडफुल जन्मला इंग्रजीच्या घरी, पण आता तो आपल्याकडचा घरजावई आहे. 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य ज्या मातीत पिकतं, तिथेच त्याने संसार थाटला. या वाक्याची घडण बघा. त्यात काम आहे, कामाचा माणूस नाही. 'योग्य' आहे, पण योग्य काय ते नाही. 'यावी' आहे, पण कधी ते नाही. असं वाक्य लिहिणाऱ्याला कोणी धरू शकत नाही आणि वाचणाऱ्यालाही कोणी धरू शकत नाही. दोघेही सुखात निवृत्त होतात. मधे सापडतो तो भाषांतरकार.

नीडफुलनंतर माझा छळ केला तो 'सेम'ने. एका मेलमध्ये मजकूर होता : 'ड्रॉइंग, रिपोर्ट आणि फोटो जोडले आहेत. काइंडली चेक द सेम अँड सेंड द सेम आफ्टर साइनिंग द सेम.' तीन सेम आणि तीन जोडपत्रं. आता जर्मनमध्ये ड्रॉइंग स्त्रीलिंगी, रिपोर्ट पुल्लिंगी आणि फोटो नपुंसकलिंगी. म्हणजे तपासायची ती, पाठवायचा तो आणि सही करायची ते कशावर, हे ठरल्याशिवाय सर्वनाम लिहिता येत नाही. इंग्रजीचा 'सेम' मात्र साधुपुरुषासारखा, लिंग-वचनाच्या पलीकडे गेलेला.

फोन केला. आता साहेब माझा नंबर ओळखायला लागले होते. तीन वेळा वाजल्यावर उचलला.

"साहेब, ते 'सेम' म्हणजे तो, ती, की ते?"

"तेच ते हो!"

"ते म्हणजे फोटो? फोटोवर सही करायची?"

"फोटोवर कशाला सही करेल कोणी? तुम्ही जरा कॉमन सेन्स वापरत जा."

हा सल्ला मला दर महिन्याला मिळतो. कॉमन सेन्स माझ्या दरपत्रकात नव्हता. तो शब्दामागे वेगळा लावावा, असं मी तेव्हापासून ठरवतो आहे.

कॉमन सेन्सची खरी कसोटी लागते ती मशिनच्या माहितीपुस्तिकेत. युरोपीय महासंघाच्या २००६ सालच्या यंत्रविषयक निर्देशाप्रमाणे, मशीन ज्या देशात विकायचं तिथल्या भाषेत पुस्तिका द्यावी लागते, आणि ती भाषांतरित असेल तर तिच्यावर 'मूळ सूचनांचे भाषांतर' असं छापावं लागतं. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधीतरी भाषांतरकाराचा सूड घ्यायचं ठरवलं असणार. मूळ पुस्तिकेत काय होतं हे जर्मन गिऱ्हाईक कधी बघणार नाही. त्याच्या हातात असतं माझं भाषांतर, तसं लेबल लावलेलं.

तर एका पुस्तिकेत वाक्य होतं : 'मशिनवरून कव्हर काढल्यावर इट शुड बी क्लीन्ड प्रॉपरली अँड थ्रो इट.' काय पुसायचं आणि काय फेकायचं? जर्मनमध्ये कव्हर पुल्लिंगी, मशीन स्त्रीलिंगी. 'इट' म्हणून निसटता येत नाही. कव्हर फेका म्हटलं तर पुढच्या पानावर 'कव्हर परत बसवा' अशी सूचना होती. मशीन फेका म्हटलं तर पुस्तिका तिथेच संपायला हवी होती, पण ती आणखी चाळीस पानं चालत होती. मी प्रॉडक्शनच्या माणसाला गाठलं. त्याच्याशी मराठीत बोलूनही उपयोग होईना, कारण मराठीत झाकणही 'ते' आणि मशीनही 'ते'.

"ते पुसायचं आणि फेकून द्यायचं," तो म्हणाला.

"ते म्हणजे झाकण?"

"झाकण कसं फेकाल?"

"मग मशीन?"

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "सर, कॉटन वेस्ट फेकायचं."

"वाक्यात कॉटन वेस्ट कुठे आहे?"

"मग पुसणार कशानं?"

त्या दिवसापासून मी वाक्यात नसलेल्या गोष्टीही शोधायला शिकलो.

जर्मनवर सगळे हसतात ते तिच्या लांबलचक शब्दांसाठी. मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न नावाच्या राज्याने १९९९ साली एक कायदा केला, त्याच्या नावातला एकच शब्द ६३ अक्षरी होता. गोमांसावर लावायच्या लेबलांवर देखरेख करण्याचं काम कोणाकडे सोपवायचं, त्याचा तो कायदा. २०१३ साली कायदा रद्द झाला आणि शब्दाला निवृत्ती मिळाली. मीही पूर्वी या शब्दावर हसायचो. आता हसू येत नाही. त्रेसष्ट अक्षरं लागली, पण त्यात मांस आहे, लेबल आहे, देखरेख आहे, काम आहे, सोपवणंही आहे. हाच कायदा भोसरीत झाला असता तर त्याचं नाव चार अक्षरांत आटोपलं असतं : नीडफुल.

शब्दांनी दगा दिला तर आकडे तरी साथ देतील, असा माझा एक भाबडा समज होता. आकड्याचं काय भाषांतर करायचं? तसाच उतरवायचा. म्हणून मी एका कन्साइनमेंटचं वजन '१२,५०० किलो' जसंच्या तसं उतरवलं. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार तोडायला टिंब. माझे साडेबारा टन तिकडे साडेबारा किलो झाले, तेही ग्रॅमपर्यंत मोजलेले. उलट टपाली अत्यंत नम्र पृच्छा आली, की साडेबारा किलो मालासाठी अख्खा कंटेनर आरक्षित करण्यामागचं कारण समजू शकेल काय? ते पत्र मला साहेबांना मराठीत वाचून दाखवावं लागलं. वाचताना मी आवाज इतका खाली आणला की साहेबांनी विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?"

दुसऱ्या एका ब्रोशरमध्ये मालकांनी स्वप्न मांडलं होतं : आमची कंपनी २०३० सालापर्यंत एक बिलियन डॉलरची होईल. शंभर कोटी. माझ्याकडे तेव्हा शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलाने 'बिलियन' तसाच ठेवला. मी 'तपासले' म्हणून खाली सही केली. जर्मनमध्ये शंभर कोटीला मिलियार्डं म्हणतात. त्यांचा बिलियन म्हणजे लाख कोटी. पत्र्याच्या शेडमधल्या चाळीस कामगारांच्या कंपनीने एका स्वल्पविरामाचीही मदत न घेता हजार पट प्रगती केली. आश्चर्य म्हणजे मालक चिडले नाहीत. "राहू द्या," म्हणाले, "व्हिजन मोठंच असावं."

या सगळ्यात ज्या कागदाने माझी झोप उडवली, तो सगळ्यांत छोटा होता. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला जर्मनीत नोकरीसाठी जायचं होतं. "काका, जुन्या कंपनीचं एक्स्पीरियन्स लेटर आहे, सहाच ओळी आहेत," म्हणाला. ओळी अशा : 'हा मनुष्य प्रामाणिक, वक्तशीर आणि मनमिळाऊ असल्याचे आढळून आले. त्याने सोपवलेले प्रत्येक काम करण्याचा आपल्या परीने पुरेपूर प्रयत्न केला. त्याच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.' वाचून आईवडिलांचे डोळे भरून आले होते. वाचून माझ्या पोटात गोळा आला.

गोष्ट अशी आहे की जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला असं प्रशस्तिपत्र मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं असावं लागतं आणि सद्भावनेनं लिहिलेलंही असावं लागतं. आता माणूस कुचकामी असेल तर खरंही लिहायचं आणि सद्भावनाही ठेवायची, हे कसं साधावं? त्यांनी मधला मार्ग काढला : सगळं गोडच लिहायचं, पण गोडीच्या पायऱ्या ठरवायच्या. 'सर्व कामे सदैव आमच्या पूर्णतम समाधानास उतरतील अशी केली' म्हणजे पहिला वर्ग. 'पूर्णतम'चं 'पूर्ण' झालं की दुसरा. 'सदैव' गळला की तिसरा. नुसतं 'समाधानास उतरतील अशी' म्हटलं की काठावर पास. ('पूर्ण'च्या पुढे 'पूर्णतम' कसं असेल, अशी तक्रार तिथले व्याकरणवालेही करतात, शुद्धलेखनाची माणसं सगळीकडे सारखीच.) आणि 'प्रयत्न केला' म्हणजे? म्हणजे नापास. बिचाऱ्याने धडपड केली, जमलं काहीच नाही. 'वक्तशीर' हा गुण ठळकपणे सांगितला की वाचणारा समजतो, दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि 'मनमिळाऊ'चा वास तर थेट बाटलीपर्यंत जातो. म्हणजे मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं असतं तर आमच्या सोसायटीतला हा निर्व्यसनी, हुशार मुलगा जर्मनीत 'वेळेवर पिऊन येणारा आणि काहीच न जमणारा' म्हणून पोचला असता.

मी त्याच्या जुन्या कंपनीत फोन लावला. एच.आर.च्या बाई गोड बोलत होत्या.

"मॅडम, हा मुलगा नेमकं काय काम करायचा?"

"लेटरमध्ये लिहिलंय ना सर."

"लेटरमध्ये 'प्रत्येक काम' लिहिलंय."

"हो, तेच."

"कामात कसा होता?"

"चांगला असेल ना सर. वाईट असता तर लेटरच दिलं नसतं."

"मग जरा सविस्तर, नव्याने लिहून द्याल का?"

"सर, फॉरमॅट फिक्स आहे. आमच्याकडे सगळ्यांना हेच लेटर देतो. डायरेक्टरसाहेब गेले तेव्हा त्यांनाही हेच दिलं."

शेवटी त्या मुलाने स्वतःच तिथे चार खेपा घातल्या आणि कामांची नीट यादी असलेलं पत्र मिळवलं. मला तेवढ्यात एक समाधान लाभलं : गोलमाल बोलणं जर्मनांनाही जमतं. फक्त त्यांच्या गोलमालाचीही प्रतवारी ठरलेली असते.

आणि जर्मन माणूस इंग्रजीत लिहायला लागला की तोही आपल्यातलाच होतो. (इंग्रजीतलं 'गिफ्ट' म्हणजे जर्मनमध्ये विष, हा किस्सा मी सांगणार नाही, तो जर्मन शिकणारा प्रत्येक भाचा पहिल्या आठवड्यात घरी सांगून मोकळा होतो.) त्यांच्याकडे 'बेकोमेन' म्हणजे मिळणे. त्यामुळे एका जर्मन इंजिनिअरने इंग्रजीत विचारलं, 'मी सुटे भाग कधी होणार?' आमचे साहेब हळवे झाले. "कामाचा फार ताण घेतलाय बिचाऱ्याने," म्हणाले.

पण खरा घात केला तो 'इव्हेंच्युअली'ने. डायचे पैसे कोण देणार यावर आठ महिने घोळ चालला होता. एके दिवशी जर्मनीहून इंग्रजीत मेल आला : 'वुई विल इव्हेंच्युअली पे द टूलिंग कॉस्ट.' शेवटी का होईना, देणार! शेडमध्ये पेढे वाटले. मलाही एक पुडा आला. पेढा तोंडात असतानाच मी तो मेल पाहिला आणि घास अडकला. जर्मनमध्ये 'एव्हेंटुएल' म्हणजे 'शेवटी' नव्हे. एव्हेंटुएल म्हणजे 'कदाचित'. जमलंच तर. तो माणूस मनातल्या मनात जर्मन बोलत होता आणि हाताने इंग्रजी लिहीत होता.

ही बातमी साहेबांना सांगायची कोणी? मी संध्याकाळपर्यंत थांबलो, म्हणजे निदान पेढे पचतील. साहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला मेल दाखवला नव्हतात. इंग्रजीतच आहे, म्हणालात."

"इंग्रजीतच तर होता!"

त्यानंतर मी शहाणा झालो. शहाणा झालो म्हणजे आणखी गोत्यात आलो. मी ठरवलं, यापुढे एकही धूसर वाक्य जर्मनमध्ये जाऊ द्यायचं नाही. पुढचं पत्र आलं, नेहमीप्रमाणे पावणेदहाला : 'सँपल्स आर अंडर प्रोसेस अँड द सेम विल बी डिस्पॅच्ड शॉर्टली.' मी उलटतपासणी सुरू केली. किती सँपल? कोण पाठवणार? शॉर्टली म्हणजे कोणता वार? साडेदहाला साहेब थकले. त्यांना बातम्या बघायच्या होत्या. "लिहा हो," म्हणाले, "चोवीस नग, डिस्पॅचवाला पाठवेल, गुरुवारी. झालं समाधान?"

पूर्णतम झालं. मी असं काही जर्मन लिहिलं की डीआयएनवाल्यांनी चौकटीत लावावं. चोवीस नग, गुरुवार, पाठवणाऱ्याचा हुद्दा, सगळं जागच्या जागी. तिकडून नऊ मिनिटांत आभाराचं पत्र आलं. इतकं स्वच्छ उत्तर अकरा वर्षांत प्रथमच मिळालं, असं त्यात होतं. सोबत, सोमवारी माणूस विमानतळावर सँपल घ्यायला उभा असेल, हेही.

शुक्रवारी सकाळी सातला साहेबांचा फोन आला. सकाळी सात ही त्यांची वेळ नव्हे.

"काय लिहिलंत तुम्ही त्यांना?"

"तुम्ही सांगितलंत तेच. गुरुवारी चोवीस नग."

"अहो, तीन रात्री शेड जागली! डिस्पॅचवाला घरी गेला नाही, मी घरी गेलो नाही. तुमच्या भाषांतरामुळे मला गुरुवारी माल पाठवावा लागला!"

"पण गुरुवार तुम्हीच—"

"मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगितलं नव्हतं. इंग्रजीत मी एका शब्दानं काही कबूल केलंय का? दाखवा!"

दाखवता येईना. इंग्रजीत खरोखरच त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. अकरा वर्षं हा सद्गृहस्थ 'शॉर्टली'च्या सावलीत सुखाने बसला होता आणि मी एका रात्रीत त्याच्या डोक्यावरचा पत्रा काढून घेतला. फोन ठेवताना त्यांनी मला पुढच्या कामाचं धोरण सांगितलं : "यापुढे जर्मनच करा, पण आमच्यासारखं करा."

मी हा किस्सा जेवताना रंगवून सांगितला. लोक कसे शब्दांच्या आड लपतात, जबाबदारी कशी टाळतात, वगैरे. बायको ऐकत होती. मग म्हणाली, "स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"बघतो."

"कोण बघणार?"

"म्हणजे... बघू."

"काय बघणार? गळतो हे मी बघितलंय. बदलणार काय, वॉशर की नळ? आणि कधीपर्यंत?"

बावीस वर्षं पावणेदहाचे फोन तिच्या कानावरून गेलेत, याचा मला विसर पडला होता. मी मान खाली घालून आमटी ओरपली आणि म्हणालो, "होऊन जाईल."

म्हणताक्षणी मला साहेबांबद्दल अपार माया वाटली. 'होऊन जाईल'! मी करीन असं नाही, प्लंबर करील असं नाही. ते आपोआप, पिकल्या फळासारखं, स्वतःच्या मर्जीने होऊन जाईल. केवढा गारवा आहे या दोन शब्दांत! जर्मनमध्ये हे वाक्य नेता येईल का, यावर मी नळाखालची बादली बदलता बदलता बराच विचार केला. नाही नेता येत. नळ नपुंसकलिंगी की पुल्लिंगी, इथपासून अडतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या चोवीस नगांच्या कामाचं बिल पाठवलं. रक्कम, तारीख, पानं, बँकेचा खातेक्रमांक, तीस दिवसांची मुदत. सगळं जर्मन शिस्तीत. तीस दिवस गेले. साठ गेले. मी आठवणीचं पत्र पाठवलं. या वेळी शॉर्टली नाही, गुरुवार नाही. अकाउंट्समधून इंग्रजीत दोन ओळींचा मेल आला :

'युअर इनव्हॉइस इज अंडर प्रोसेस अँड पेमेंट ऑफ द सेम विल बी डन इव्हेंच्युअली. काइंडली डू द नीडफुल.'

पैसे मला यायचे आणि नीडफुलही मीच करायचं, इथवर समजलं. पण हा इव्हेंच्युअली इंग्रजीतला आहे, म्हणजे 'शेवटी', की जर्मनमधला, म्हणजे 'कदाचित', ते काही केल्या कळेना. विचारायला म्हणून रात्री पावणेदहाला मी स्वतःच फोन लावला.

साहेब मीटिंगमध्ये होते.